मेंटीचा आत्मविश्वास

५ जून, सोमवार. सकाळी ९.१०
आजपासून रोजनिशी. निमित्त: संस्थेने मला मेंटर नेमलं आहे. जीववैद्यक संशोधनात ज्या गटांतली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, त्यांना पुढे आणायचा कार्यक्रम. संचालक म्हणाले, तुमच्याशिवाय दुसरं नाव डोळ्यांसमोर आलं नाही. दोघांनी आधीच नकार दिला होता, हे नंतर लॅबच्या टेक्निशियन बाईंकडून कळलं. बाईंना सगळं कळतं.
संकल्प तीन. ऐकायचं. वेळ द्यायचा. मोठेपणा मिरवायचा नाही. तिसरा सोपा आहे, मुळात माझा तो स्वभावच नाही.
मी मेंटर, म्हणजे मार्गदर्शक, आणि समोरची मेंटी, असं बायकोला समजावलं. ती ग्रंथपाल आहे, शब्दांच्या बाबतीत भारी चिकित्सक. म्हणाली, मेंटी हे खोकल्याच्या गोळीचं नाव वाटतं.

८ जून
मेंटी आली. पीएचडी होऊन तीन वर्षं झाली. कॉलेजची पायरी चढलेली घरातली पहिली. आई इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी धुते. मला भरून आलं. मग मीही माझ्या लहानपणाबद्दल सांगितलं. चाळीस मिनिटं कशी गेली कळलं नाही. मुलगी ऐकते छान.
तिचं ध्येय पक्कं आहे: स्वतंत्र संशोधकाचं अनुदान. मिळालं की पाच वर्षं स्वतःची लॅब, स्वतःचे प्रश्न. अर्ज १५ नोव्हेंबरला बंद होणार. पीएचडीनंतर चार वर्षांच्या आतच अर्ज करता येतो, म्हणजे तिची ही पहिली आणि शेवटची खेप. मी म्हणालो, निर्धास्त राहा. पेशी माझ्या, औषध माझं, नाव माझं. आणखी काय लागतं?
तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. बहुधा हेच.

१४ जुलै. दुपारी
आज जरा विचित्र.
आमच्या लॅबचा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे. आमच्या औषधाने कर्करोगाच्या पेशींची वाढ निम्म्यावर येते. तीन वर्षांपूर्वीचा पेपर, तीन पीएचड्या, माझ्या खोलीतलं फ्रेम केलेलं पहिलं पान, सगळं त्यातूनच. मेंटी म्हणते, त्याच जातीच्या पेशी मी सेल बँकेतून नव्या मागवल्या, त्यांच्यावर औषध ढिम्म चालत नाही. चालतं ते फक्त आपल्या इन्क्युबेटरमधल्या फ्लास्कांवर. तिला मायकोप्लाझ्माचा संशय आहे. हा जंतू इतका बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही. पेशी ज्यात वाढतात तो द्रव गढूळ होत नाही, पेशी मरत नाहीत, फक्त वेगळ्याच वागायला लागतात. तपासायला किट मिळतं. एक दुपार पुरते.
मी हसलो नाही. संकल्प आठवला. प्रेमाने विचारलं, तुझा स्वतःवर विश्वास आहे ना? ती म्हणाली, सर, शंका माझ्याबद्दल नाही, पेशींबद्दल आहे.
मेंटरांच्या कार्यशाळेत हे सांगितलं होतं. माणसाला स्वतःबद्दल शंका असली की तो ती कशावर तरी ढकलतो. हिने पेशींवर ढकलली. निदान: आत्मविश्वास कमी. उपाय: माझ्याकडे आहे.

२१ जुलै
टेक्निशियन बाई किटचं मागणीपत्र घेऊन आल्या. सही हवी. म्हणालो, ठेवून जा. बाई म्हणाल्या, दोन सेकंदांचं काम आहे. मी म्हणालो, बाई, बावीस वर्षांत या लॅबमध्ये जंतू शिरलेला नाही. बाई म्हणाल्या, बावीस वर्षांत आपण तपासलंय तरी कुठे?
बाईंचा स्वभाव मुळात फटकळ. मागणीपत्र पेपरवेटखाली ठेवलं. उद्या बघू.

१ ऑगस्ट, मंगळवार
वरच्या मजल्यावरच्या लॅबकडे किट शिल्लक आहे म्हणे. मेंटीने त्यांच्याशी बोलून आजची दुपार ठरवली होती. मी समजावलं, घरातली गोष्ट अशी चव्हाट्यावर न्यायची नसते. एकदा का कुणी आपले फ्लास्क हातात घेऊन जिना चढताना दिसलं, की संध्याकाळपर्यंत इमारतभर होतं.
तशीही दुपार गेलीच असती. संचालकांनी माहितीपत्रकासाठी फोटोग्राफर बोलावला होता. मेंटीच्या हातात निळ्या पाण्याचा चंबू दिला. ती म्हणाली, आमचा द्रव गुलाबी असतो. फोटोग्राफर म्हणाला, निळं जास्त शास्त्रीय दिसतं. तिला एकदा खिडकीकडे बघायला लावलं, एकदा भविष्याकडे. साडेतीन तास. फोटो मात्र झकास आले आहेत. एकात मागे मी आहे.

१० ऑगस्ट
मेंटीची मागणी वाढते आहे, याचा मला अभिमान वाटतो. प्रवेश समिती, सुरक्षा समिती, स्वागत समिती, उपाहारगृह समिती, शिवाय संस्थेत सगळ्या गटांचं प्रतिबिंब दिसावं म्हणून संचालकांनी काढलेलं नवं दर्पण मंडळ. प्रत्येकाला तिच्या गटातलं एक माणूस हवंच असतं, आणि इमारतीत ती एकटीच. पाचही ठिकाणी तिच्या वतीने मी होकार कळवला. तिला विचारणार होतो, पण तिला वेळच नव्हता.
संध्याकाळी दारात उभी राहिली. सर, ऑगस्टअखेर तपासणीचा निकाल हातात आला तर चांगल्या पेशी घेऊन सगळे प्रयोग पुन्हा करता येतील. दहा आठवडे लागतील. उशीर झाला तर अर्जात घालायला माझ्याकडे काही उरणार नाही.
तारखा पाठ आहेत तिला. चिंतेचं लक्षण. तिला दोन दिवसांच्या आत्मविश्वास कार्यशाळेला पाठवायचं ठरवलं. जागा मिळत नव्हती, मी शब्द टाकून मिळवली.

२५ ऑगस्ट
कार्यशाळा फळाला आली. मेंटी आज सरळ उभी राहिली, थेट माझ्या डोळ्यांत बघितलं, वाक्याची सुरुवात सॉरीने केली नाही. स्वच्छ आवाजात म्हणाली, सर, या फ्लास्कांमधून आलेला एकही आकडा मी माझ्या सहीखाली देऊ शकत नाही. मला तपासणी करायची आहे, आणि या आठवड्यात करायची आहे.
मी टाळ्याच वाजवल्या. दोन महिन्यांपूर्वी ही मुलगी असं बोलली असती का? तिला म्हटलंही, केवढा फरक पडला आहे तुझ्यात. ती वळली आणि फ्लास्कांकडे परत गेली.
तिच्या मुद्द्याचं पुढच्या आठवड्यात बघू. आज फरकाचा आनंद.

६ सप्टेंबर. सकाळी
१५ नोव्हेंबरपासून मागे मोजलेला दहा आठवड्यांचा हिशेब कालच संपला, असं बाई म्हणाल्या. न विचारता म्हणाल्या.
माझीही बाजू आहे. सर्वोत्तम मेंटर पुरस्काराचा अर्ज चौदा पानी आहे. त्यात तुम्ही मेंटीचं कसं ऐकता, हे तीन उदाहरणांसह लिहायचं होतं. तिसऱ्या उदाहरणाला चार दिवस गेले. त्या कागदांच्या गठ्ठ्यात मागणीपत्र कुठे सरकलं कोण जाणे.
शोधलं. सापडलं. पेनही हातात घेतलं. आणि मनात आलं, समजा, नुसतं समजा, की निघाला जंतू. मग तो पेपर? ज्या तिघांनी त्यावर पीएचडी केली ते? भिंतीवरची फ्रेम? छातीत काहीतरी थंड उतरलं. हात थांबला.
पण असं होणारच नाही, त्यामुळे घाई कशाला? मागणीपत्र खणात ठेवलं. ॲसिडिटी आहे, दुसरं काही नाही.

५ ऑक्टोबर
आज माझं व्याख्यान: न ऐकलेले आवाज. सभागृह भरलेलं. चौथ्या स्लाइडवर मेंटीचा निळ्या चंबूवाला फोटो. लोकांनी मागे वळून तिच्याकडे पाहिलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, त्या स्वतः आल्याच आहेत तर दोन शब्द त्यांच्याकडून ऐकू या ना? कल्पना उत्तम होती, पण मी वेळेच्या पंचवीस मिनिटं पुढे गेलो होतो आणि सभागृह दुसऱ्या कुणाला द्यायचं होतं.
बायको आली होती. घरी येताना गाडीत तिने आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाली, तू ऐकतोस, नाही असं नाही. पण उत्तर आधी तयार ठेवून ऐकतोस. मी म्हणालो, तसं अजिबात नाही. ती म्हणाली, बघ.

१९ ऑक्टोबर. दुपारी ४
मेंटीचे डोळे लाल. सर्दी असावी.
तिच्या नोकरीचा करार ३१ डिसेंबरला संपतो. आई रोज फोनवर विचारते, पुढचं काय ठरलं? ही पेशींच्या तपासणीबद्दल म्हणते, निकाल यायचाय. आईला वाटतं परीक्षेचा निकाल.
मी तोडगा काढला. जुन्या पेपरमधले तक्ते घे, तेच अर्जात घाल. माझ्या नावावर कुणी बोट ठेवणार नाही. मनापासून सांगितलं, तिचं भलं व्हावं म्हणूनच.
ती म्हणाली, सर, समजा लॅब मिळाली मला, आणि दोन वर्षांनी हे बाहेर आलं. तुम्हाला कुणी काही म्हणणार नाही. म्हणतील, चूक होते माणसाकडून. माझ्याबद्दल म्हणतील, या लोकांना घेतलं की असंच होतं. आणि माझ्यामागून जी येईल, तिला दारातूनच परत पाठवतील. मला एकटीपुरतं चुकायची सोय नाही, सर.
चहा मागवला. चहा येईपर्यंत ती प्रवेश समितीच्या बैठकीला निघून गेली. दोन्ही कप मीच प्यायलो.
ते वाक्य डोक्यातून जात नाही. खणाकडे दोनदा लक्ष गेलं. खण उघडला नाही.

१३ नोव्हेंबर
शिफारसपत्र लिहून पूर्ण. तीन पानं. इतकं चांगलं पत्र मी आजवर कुणासाठीही लिहिलेलं नाही. जिद्द, आई, लाँड्री, चादरी, सगळं आलं आहे. बायकोला वाचून दाखवलं. तिने विचारलं, हिने शोधलं काय, ते कुठे आहे यात? मी म्हणालो, ओघात आलं आहे. तिने पुन्हा वाचायला सांगितलं. ओघात नव्हतं.

१५ नोव्हेंबर. संध्याकाळी ५.२०
मेंटीने अर्ज भरलाच नाही.
पाच वाजता मुदत संपली. पावणेपाचला मी तिच्या टेबलापाशी गेलो तर ती फ्लास्कांवरची जुनी लेबलं काढून नवी लावत होती. म्हणालो, अगं, पंधरा मिनिटं आहेत. ती म्हणाली, सर, घालायला काही नाही. आवाज साधा होता, चिडलेला नव्हता. चिडली असती तर मला बरं पडलं असतं, चिडलेल्या माणसाला समजावता येतं.
मी तिथेच उभा राहिलो. भिंतीवरचं घड्याळ पाचावर गेलं. बाईंनी सिंकचा नळ सोडला आणि कितीतरी वेळ नुसते हात धूत राहिल्या.
व्यवस्थाच अशी आहे. चार वर्षांची अट म्हणजे निव्वळ जाच. यावर मी लेख लिहिणार आहे. ऐनवेळी कच खाण्याची वृत्ती घालवायला कार्यशाळा दोन नाही, पाच दिवसांची हवी.

८ डिसेंबर
मेंटीचा शेवटचा दिवस. कुठल्याशा कंपनीत नोकरी मिळाली, म्हणून तीन आठवडे आधीच निघाली. फ्रीझरमधल्या सगळ्या नळ्यांची तारीखवार यादी करून ठेवली आहे. चाव्या दिल्या. वही टेबलावर ठेवली, लॅबची म्हणून. मी म्हणालो, माझं दार तुला सदैव उघडं आहे. ती म्हणाली, हो सर. बाईंना मिठी मारली. दोघी रडल्या. मला कामाचा फोन आला होता.
पाचही समित्यांनी विचारलं, आता दुसरं कोण? कुणीच नाही.

१८ डिसेंबर
नव्या पेपरसाठी जर्नलचं पत्र. आता म्हणे प्रत्येक पेशीसंचासोबत मायकोप्लाझ्मा नसल्याचा दाखला जोडावाच लागतो. निव्वळ उपचार. खणातून मागणीपत्र काढलं, सही केली, बाईंना दिलं. बाईंनी तारखेकडे बघितलं. जुलैची होती. खोडून डिसेंबरची घातली. काही बोलल्या नाहीत. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२१ डिसेंबर. संध्याकाळी
सात फ्लास्क. सातही बाधित.
किट सदोष असणार. उद्या पुन्हा.

२२ डिसेंबर
मी स्वतः केलं. प्रत्येक पायरी दोनदा तपासून केलं. एका दुपारचंच काम आहे. पुन्हा सात. मग फ्रीझरमधली सर्वांत जुनी नळी काढली, पेपरच्या वेळची. तीही.
मग मेंटीची वही उघडली. तिने प्रयोगांच्या मध्येमध्ये ओळी टाकल्या आहेत. १४ जुलै, सरांना सांगितलं. १ ऑगस्ट, वरच्या लॅबमध्ये नेऊ नको म्हणाले, दुपार फोटोत गेली. १० ऑगस्ट, पुन्हा सांगितलं. २५ ऑगस्ट, पुन्हा, सर खूश झाले. असं अकरा वेळा. कुठेही उद्गारचिन्ह नाही, कुठेही वाईट शब्द नाही. तापमान लिहावं तसं लिहिलं आहे.
लाज वाटली. तसंच लिहितो, दुसरा शब्द सापडत नाही. तिच्या शेवटच्या खेपेची किंमत एक सही होती, आणि पेन माझ्याजवळ होतं.
आज जेवलो नाही. बायकोने विचारलं, सगळं सांगितलं. ती म्हणाली, त्या मुलीला सांगितलंस?

३ जानेवारी
सर्वोत्तम मेंटर पुरस्कार मला जाहीर झाला.
संचालकांकडे गेलो. दार लावलं आणि सांगितलं, पेपर मागे घ्यावा लागेल. संचालक बराच वेळ पेनचं टोपण लावत-काढत होते. मग म्हणाले, घेऊ की. समारंभ दहा तारखेला आहे, पत्र अकराला पाठवा. मी म्हणालो, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. ते म्हणाले, म्हणूनच तर पाठवायचंच, अकराला.
विचार केला. एका दिवसाने विज्ञानाचं काही बिघडत नाही.

१० जानेवारी
पुरस्कार घेतला. पडद्यावर निळा चंबू. लोकांनी विचारलं, ती कुठे असते सध्या? मी म्हणालो, पुढे गेली. कंपनीचं नाव मला ठाऊक नाही, हे तेव्हा लक्षात आलं.

११ जानेवारी. सकाळी ११
पेपर मागे घेत असल्याचं पत्र पाठवलं. सहा ओळी. लिहायला पाच मिनिटं लागली. इतके महिने मी याला घाबरत होतो.
त्यात तिचं नाव घातलं आहे. ही बाधा प्रथम हिने दाखवून दिली. तेवढं तरी. अनुदान मंडळालाही विचारलं, खास बाब म्हणून तिचा अर्ज पुढच्या फेरीला घ्याल का? तासाभरात उत्तर आलं. न केलेल्या अर्जाचा फेरविचार होत नाही. चार वर्षांची मुदत मेमध्ये संपते, पुढची फेरी नोव्हेंबरात.

१२ जानेवारी, शुक्रवार. दुपारी १.४०
मेंटीला फोन करायचा. बाईंकडून नंबर घेतला, जुना बदलला आहे तिने. बोलताना वाहवत जाऊ नये म्हणून कागदावर एकच ओळ लिहून समोर ठेवली: तुझं बरोबर होतं, मी ऐकलं नाही, तुझी संधी माझ्यामुळे गेली.
पहिल्याच रिंगला उचलला. म्हणाली, नमस्कार सर. मी आधी तब्येत विचारली, आईची विचारली. मग समारंभाचं सांगितलं, फोटो सगळ्यांना आवडल्याचं सांगितलं. पेपरचं सांगितलं. ती म्हणाली, बाईंनी कळवलं होतं. मग का कोण जाणे, मी आत्मविश्वासाबद्दल बोलायला लागलो. तू खचू नकोस, माणसाने स्वतःवरचा विश्वास सोडता कामा नये, वगैरे. थांबता येईना. बऱ्याच वेळाने विचारलं, नोकरी कशी आहे?
ती म्हणाली, सलाइनच्या बाटल्या तयार होतात इथे, मी तपासणीत आहे. काम तेच तेच असतं, सर. पण मी म्हटलं की ही बाटली मला बरोबर वाटत नाही, तर आधी ती बाटली बाजूला काढून तपासतात. माझ्याबद्दल काय ते नंतर.
मी म्हणालो, छान, छान. ती म्हणाली, सर, दुपारची पाळी सुरू होतेय, ठेवते. ठेवला.
कागद समोरच होता. ओळ वाचायची राहिली.
बायको दारातच उभी होती. विचारलं, सांगितलंस तिला? मी म्हणालो, बोलणं छान झालं.